निसर्गचित्राची मांडणी कुठे फसते: पहिल्या चौकटीपासून शेवटच्या तपासणीपर्यंत

"आकाश जमलंय, पाणीही जमलंय, तरी चित्र बसत नाहीये. कुठला रंग चुकलाय?" निसर्गचित्रं काढणाऱ्यांकडून हा प्रश्न सारखा येतो. चित्र समोर ठेवून पाहिलं तर रंगात फारसं काही वावगं नसतं. झाड कागदाच्या बरोबर मध्ये उभं असतं, टेकडीची रेघ घराच्या छपराला जाऊन चिकटलेली असते आणि वरपासून खालपर्यंत सगळं एकाच मध्यम टोनमध्ये, म्हणजे सारख्याच उजळ-गडदपणात, रंगवलेलं असतं. हे दोष ब्रश भिजवण्याआधीच ठरून गेलेले असतात. वरून कितीही रंग चढवा, ते खालून डोकावत राहतात.

म्हणून इथे सगळा भर कामाच्या क्रमावर आहे. दोन तासांची बैठक असेल तर पहिली पंचवीस-तीस मिनिटं रंगाची पेटी उघडायची नाही. हात शिवशिवतो हे मान्य, पण तेवढ्यासाठी पेटी पिशवीतच राहू द्यावी. मी अजूनही तसंच करतो. जलरंग, ॲक्रिलिक आणि तैलरंग या तिन्हींना हाच क्रम चालतो. जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

उदाहरणासाठी एकच दृश्य धरून चालू: समोर गवताळ काठ, पुढे तळं, डाव्या काठावर तीन झाडं, पलीकडे उतरत्या छपराचं एक घर, त्याला लागून विजेचा खांब आणि सगळ्यांच्या मागे एक लांबट टेकडी.

हाताशी काय हवं

यादी छोटी आहे: एक स्केचबुक, ४बी किंवा ६बी पेन्सिल, राखाडी आणि काळा असे दोन मार्कर, जाड पुठ्ठ्याच्या इंग्रजी 'एल' आकाराच्या दोन पट्ट्या आणि एक व्ह्यूफाइंडर. व्ह्यूफाइंडर म्हणजे पुठ्ठ्यात कापलेली खिडकी. तो बहुतेकांकडे असतो, पण त्याचं प्रमाण सहसा चुकीचं असतं.

खिडकीचं प्रमाण आणि कागदाचं प्रमाण एकच हवं. पाव इम्पिरियल कागद ११ बाय १५ इंचांचा, म्हणून खिडकी ५.५ बाय ७.५ सेंटिमीटरची. १२ बाय १६ इंचांच्या कॅनव्हासला ६ बाय ८ सेंटिमीटर. ए-४ कागदाला साधारण ५ बाय ७. चौकोनी खिडकीतून रचना ठरवायची आणि लांबट कागदावर उतरवायची, असं केलं की उरलेली जागा भरायला मागाहून झुडपं आणि ढग घालावे लागतात. ते भरतीचे आहेत हे बघणाऱ्याला लगेच कळतं.

तपासा: खिडकीचा पुठ्ठा असा ठेवा की खिडकीचा डावा खालचा कोपरा कागदाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यावर येईल. पट्टी खिडकीच्या कर्णावर धरून पुढे वाढवा. ती कागदाच्या समोरच्या कोपऱ्यातून गेली तर प्रमाण जुळलं.

## टप्पा १: चित्र कशाचं आहे ते एका वाक्यात लिहा

स्केचबुकच्या कोपऱ्यात खरोखर लिहा, मनातल्या मनात नको. "तळ्याचं दृश्य" हे वाक्य कामाचं नाही, कारण त्यावरून काही ठरत नाही. "गडद झाडांच्या आडून दिसणारं चकचकीत पाणी" हे कामाचं. त्यावरून लगेच कळतं की झाडं गडद आणि मोठी हवीत, पाण्याचा एक तुकडा सगळ्यांत उजळ हवा, आकाश थोडं दबलेलं चालेल आणि घर असलं काय, नसलं काय.

त्याच दृश्याचं दुसरं वाक्य असू शकतं: "मोठ्या टेकडीखाली एकटं पडलेलं घर." आता टेकडीला जागा द्यावी लागेल, तळ्याची नुसती पट्टी उरेल, तीनपैकी दोन झाडं जातील. जागा तीच, पण ही दोन वेगळी चित्रं झाली. बहुतेक फसलेल्या चित्रांत ही दोन्ही वाक्यं एकाच कागदावर भांडत असतात.

सावधान: वाक्यात "आणि" दोनदा आला तर ते वाक्य परत लिहा.

## टप्पा २: जागा, उजेड, चौकट

पहिल्या जागेवर बसू नका. दहा पावलं डावीकडे, दहा उजवीकडे जाऊन पाहा. जरा खाली वाकून पाहा. झाड आणि घर एकमेकांच्या किती आड येतात हे पावलापावलाने बदलतं, आणि ते जागा बदलून सोडवणं कागदावर सोडवण्यापेक्षा फार सोपं असतं.

उभं राहून पाहताय की बसून, हे आधी ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. क्षितिजरेषा तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर असते. तुम्ही बसलात की तीही खाली येते. सपाट जमिनीवर तुम्ही उभे असाल तर तुमच्याच उंचीच्या उभ्या माणसांचे डोळे, माणसं जवळ असोत की लांब, एकाच रेषेवर येतात. तुम्ही स्टुलावर बसलात तर तीच रेषा त्यांच्या कमरेच्या थोडी वरून जाते. अर्धं चित्र उभं राहून आणि अर्धं बसून काढलं की घराचा पाया एका पातळीवर आणि तळ्याचा काठ दुसऱ्या, अशी गंमत होते. समोर टेकडी असल्यामुळे क्षितिज झाकलेलं असलं तरी ही रेषा असतेच, म्हणून थंबनेलमध्ये, म्हणजे पुढच्या टप्प्यातल्या छोट्या आराखड्यात, ती बारीक खुणेने दाखवून ठेवा.

आता एक डोळा मिटून खिडकीतून पाहा. पुठ्ठा डोळ्याजवळ आणला की दृश्य रुंदावतं, हात लांब केला की आवळतं. नवशिक्यांचा कल जास्तीत जास्त मावेल तेवढं घेण्याकडे असतो. मी म्हणेन, वाटतं त्यापेक्षा हात चार बोटं लांब धरा. कडेचं एखादं झाड अर्धं कापलं गेलं तर जाऊ द्या.

उजेड कुठून येतोय ते बाणाने दाखवा आणि शेजारी वेळ लिहा. पृथ्वीच्या फिरण्यामुळे सूर्य तासाला सुमारे १५ अंश सरकताना दिसतो, म्हणजे दोन तासांत ३० अंश. तेवढ्यात झाडाची सावली भलतीकडे गेलेली असते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी बाजूने येणारा उजेड मांडणीला सगळ्यांत सोपा, कारण त्यात प्रत्येक वस्तूची एक बाजू उजळ आणि एक गडद होऊन आकार आपोआप वेगळे होतात. माध्यान्हीच्या उजेडात सगळं सपाट दिसतं. नवीन असाल तर तो टाळाच.

फोटोवरून काम करणाऱ्यांसाठी: फोनचा मुख्य कॅमेरा सहसा रुंद लेन्सचा असतो. जवळचं गवत तो अवाढव्य करतो आणि डोळ्यांना भव्य वाटलेली टेकडी मागे ढकलून चिमुकली करतो. दुप्पट झूम करून काढलेला फोटो डोळ्यांच्या अनुभवाच्या जास्त जवळ जातो. एक फोटो आकाशावर टॅप करून आणि एक सावलीवर टॅप करून काढा. एकाच फोटोत एकतर आकाश पांढरंफटक होतं, नाहीतर सावल्या डांबरासारख्या काळ्या होतात. डांबरी सावल्या तशाच्या तशा रंगवलेली चित्रं लांबूनही ओळखू येतात.

## टप्पा ३: थंबनेल, कमीत कमी चार

सगळ्यांत जास्त लोक याच टप्प्याला बगल देतात. थंबनेल म्हणजे चित्राचा छोटा आराखडा. व्ह्यूफाइंडरची खिडकी स्केचबुकावर ठेवून आतून पेन्सिल फिरवली की चौकट तयार होते आणि प्रमाण आपोआप जुळतं. एका पानावर चार चौकटी आखा. प्रत्येकीला तीन मिनिटं द्या.

थंबनेलमध्ये पानं, कौलं, गवताची पाती यांतलं काही काढायचं नाही. फक्त पाच ते सात मोठे आकार. आपल्या दृश्यात ते असे: आकाश, टेकडी, तिन्ही झाडांचा मिळून एक आकार, घर, पाणी, समोरचा काठ. झाडं तीन असली तरी आकार एक, हे नीट लक्षात घ्या. तीन वेगळी झाडं काढली की तिघंही लक्ष मागतात. एकत्र काढली की त्यांची एक बाह्यरेषा होते, आणि ती वर-खाली, आत-बाहेर होणारी असली की काम झालं.

चारही थंबनेल वेगळी कशी होतील? पहिलं जसं सुचेल तसं काढा. ते जवळजवळ नेहमीच मधोमध काढलं जातं: घर मध्ये, क्षितिज मध्ये, झाडं एका बाजूला. निघून जाऊ द्या एकदाचं. दुसऱ्यात क्षितिज बरंच वर किंवा बरंच खाली न्या. तिसऱ्यात कागद उभा करा. चौथ्यात जवळ जा आणि दृश्यातली एक गोष्ट सरळ काढून टाका. आपल्या दृश्यातला विजेचा खांब मी चौथ्यात काढून टाकला, पाचव्यात परत आणला. कारण पाचव्यात सगळे आकार आडवे झाले होते आणि त्यांना छेद देणारी एक तरी उभी रेघ हवी होती.

"क्षितिज मध्ये नको" हा नियम सगळ्यांना पाठ असतो. मला तो अर्धाच पटतो. मध्यावरच्या क्षितिजाने चित्र तेव्हा मोडतं, जेव्हा वरचा आणि खालचा भाग वजनाने सारखा असतो. वर जवळजवळ मोकळं आकाश आणि खाली सगळी गर्दी असेल तर मध्यावरचं क्षितिजही चालून जातं. तरी शंका असेल तर तिसऱ्या हिश्शावर ठेवा.

थंबनेल झालं की दोन गोष्टी बघायच्या.

पहिली, कडा. चौकटीच्या चारही बाजूंवर बोट फिरवत जा आणि कुठले आकार कडेला कुठे भेटतात तिथे टिंब द्या. आपल्या चित्रात टेकडी डाव्या कडेला समजा वरून दोन सेंटिमीटरवर भेटते. उजव्या कडेलाही ती दोन सेंटिमीटरवरच भेटत असेल तर चित्राचे दोन आडवे पट्टे झाले. एक बाजू वर चढवा. काठाचंही तसंच. डावी-उजवीकडची टिंबं एकमेकांसमोर येता कामा नयेत. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि चित्र सपाट का वाटतंय याचं उत्तर बऱ्याचदा इथेच सापडतं.

दुसरी, अंतरं. तिन्ही झाडांमधली अंतरं सारखी नकोत, उंचीही सारखी नको. हे सोपं वाटतं, पण हात बेमालूमपणे सारखी अंतरं टाकत जातो. बोलता बोलता कुंपणाचे खांब काढून बघा, मग पट्टीने मोजा. ढग, दगड, डोंगरांची शिखरं, सगळीकडे हीच खोड.

सावधान, चिकटलेल्या कडा: दोन आकार एकमेकांना जेमतेम टेकतात तेव्हा डोळा तिथे अडकतो आणि जवळचं-लांबचं कळेनासं होतं. झाडाचा शेंडा बरोबर टेकडीच्या रेषेवर. छपराचं टोक बरोबर पाण्याच्या काठावर. फांदी चौकटीच्या कडेला टेकलेली. माझ्या एका चित्रात टेकडीचा उतार सरळ घराच्या छपराच्या उतारात मिसळला होता. बरेच दिवस ते भिंतीवर होतं. मग एका पाहुण्या मुलीने विचारलं, "हे घर डोंगरावरून घसरतंय का?" त्यानंतर मला त्यात दुसरं काही दिसेना. उपाय दोनच: एक आकार दुसऱ्यावर ठळकपणे चढवा, नाहीतर दोघांत स्पष्ट अंतर ठेवा.

## टप्पा ४: निवडलेल्या थंबनेलला तीन टोन

चारांतलं एक निवडा आणि शेजारी मोठ्या चौकटीत फक्त तीन टोनमध्ये परत काढा. कागदाचा पांढरा, राखाडी मार्कर, काळा मार्कर. चौथा टोन नाही. प्रत्येक आकाराला तिघांपैकी एका खोक्यात जावंच लागेल.

टोन ओळखायला डोळे बारीक करा, पापण्या मिटत आल्यासारख्या. बारकावे गळून पडतात, रंग फिके होतात आणि फक्त उजळ-गडद ठोकळे उरतात. बारीक डोळ्यांनी जे दोन भाग एकच वाटतात त्यांना एकाच टोनमध्ये घाला, मग एक हिरवा आणि दुसरा तपकिरी का असेना. झाडांची सावली आणि काठाची सावली एकमेकांत मिसळत असेल तर मुद्दाम मिसळू द्या. विखुरलेले काळे ठिपके चित्राला डाग पडल्यासारखे दिसतात. जोडलेले गडद भाग चित्राला आधार देतात.

कुठला भाग किती गडद असावा याचा एक अंदाज कामाला येतो. अमेरिकन निसर्गचित्रकार जॉन कार्लसन तो शिकवत असत. आकाश उजेडाचा उगम, म्हणून सगळ्यांत उजळ. सपाट जमीन आकाशाकडे तोंड करून पडलेली, म्हणून दुसऱ्या क्रमांकाची. टेकड्यांचे उतार तिरके, त्यांना कमी उजेड मिळतो. आणि उभी झाडं सगळ्यांत गडद. बर्फ पडलेला असेल, काळे ढग भरून आले असतील किंवा उन्हात पांढरी भिंत असेल तर हा क्रम उलटतो. त्यामुळे अंदाज म्हणून वापरा आणि डोळ्यांनी खात्री करा. पण टेकडी आकाशाइतकीच फिकी आणि जमीन झाडांइतकी गडद झाली असेल, तर आपण काय चुकवलं ते यावरून चटकन सापडतं.

तीन टोनची वाटणी सारखी नको. एकाला निम्म्याहून जास्त जागा, दुसऱ्याला उरलेल्यातली बरीचशी, तिसऱ्याला चिमूटभर. "गडद झाडांच्या आडून चकचकीत पाणी" या चित्रात राखाडीला राज्य द्या: दबलेलं आकाश, टेकडी, बहुतेक पाणी. काळा झाडांना आणि त्यांच्या सावलीला. कोरा पांढरा फक्त पाण्याच्या त्या तुकड्याला, जो झाडांच्या बुंध्यांमधून दिसतो. सगळ्यांत गडद आणि सगळ्यांत उजळ एकमेकांना जिथे भिडतात, तिथे डोळा आधी जातो. दुसरीकडे कुठेही असा भिडणारा जोड ठेवू नका. घराचं छप्पर पांढऱ्या आकाशावर काळं काढलंत तर पाणी संपलं म्हणून समजा.

तपासा: स्केचबुक उभं करून तीन मीटर मागे जा. दृश्य काय आहे ते कळतंय? आता उलटं करा. आकारांची मांडणी उलटीही तोलात वाटतेय? दोन्हींना "हो" येईपर्यंत कागदाला हात लावू नका. दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

## टप्पा ५: डोळा आत कसा शिरतो

वाट, ओढा, कुंपण किंवा सावल्यांची रांग बघणाऱ्याला आत घेऊन जाते. ती बरोबर कोपऱ्यातून सुरू करू नका, कारण कोपरा आधीच बाणासारखा बाहेर ओढतो. खालच्या कडेच्या मधोमधही नको. मध्य आणि कोपरा यांच्यामध्ये कुठेतरी सुरुवात करा. वाटेवर एखादा सावलीचा पट्टा आडवा आला तर उत्तम. डोळा घसरत सुटत नाही, टप्प्याटप्प्याने जातो.

ओढा आणि वळणाची वाट यांची एक चूक इतकी सर्रास आहे की तिच्यासाठी थोडं थांबू. वळणं सगळी सारख्या रुंदीची आणि सारख्या उंचीची काढली जातात, आणि ओढा जमिनीवर आडवा पडण्याऐवजी भिंतीवर चढणाऱ्या सापासारखा उभा राहतो. सपाट जमिनीवरची वळणं लांब जाताना झपाट्याने चपटी होतात. सगळ्यांत जवळचं वळण कागदावर चार सेंटिमीटर उंचीचं असेल, तर पुढचं दीडच आणि त्यापुढचं जेमतेम अर्धा. लांबचा ओढा म्हणजे दोन-तीन आडव्या रेघा. तळ्याच्या पलीकडच्या काठाचंही तेच. तो जवळजवळ आडवाच काढायचा आणि पाण्याची पातळी कुठेही तिरकी होऊ द्यायची नाही.

चित्रात माणूस किंवा पक्षी घालणार असाल तर त्याचं तोंड आत. कडेजवळ बाहेर बघणारा माणूस बघणाऱ्यालाही बाहेर घेऊन जातो.

## टप्पा ६: थंबनेल मोठ्या कागदावर उतरवणं

इथे एक विचित्र गोष्ट घडते. थंबनेल छान झालेलं असतं, मग माणूस ते बाजूला ठेवतो आणि परत समोर बघून कागदावर रेखाटायला लागतो. आवडती वस्तू वाढते, नावडती आकसते. घर फुगतं, आकाशाची जागा खातं, आणि अर्ध्या तासाचं काम वाया जातं.

थंबनेलवर उभी मधली रेघ, आडवी मधली रेघ आणि दोन कर्ण आखा. कागदावरही तेच, अगदी हलक्या हाताने. आता प्रत्येक आकार या रेघांना कुठे छेदतो ते पाहून उतरवा. ५.५ बाय ७.५ सेंटिमीटरचं थंबनेल पाव इम्पिरियल कागदावर जवळपास पाचपट होतं, म्हणजे तिथला दोन मिलिमीटरचा फरक इथे एक सेंटिमीटरचा होतो. या टप्प्यात नजर थंबनेलवर ठेवा. समोरचं दृश्य बारकाव्यांसाठी नंतर लागेलच.

जलरंगात कोरा ठेवायचा पांढरा भाग आत्ताच हलक्या पेन्सिलीने बंदिस्त करा. नंतर तो परत मिळत नाही.

तपासा: फोनने रेखाटनाचा फोटो काढून थंबनेलशेजारी धरा. क्षितिजाची उंची, मुख्य आकाराची जागा आणि कडांवरची टिंबं जुळतात का? नसतील तर आत्ता खोडा.

## टप्पा ७: मोठे ठोकळे, सगळीकडे एकदम

आता पेटी उघडा. हाताशी असलेल्यांतला सगळ्यांत मोठा ब्रश घ्या आणि कागदाचे तीनचतुर्थांश काम होईपर्यंत तो सोडू नका. जलरंगात उजळाकडून गडदाकडे जायचं: आकाश, टेकडी, पाणी, काठ आणि शेवटी झाडं. तैलरंगात उलट सोयीचं, पातळ गडद ठोकळे आधी आणि जाड उजळ रंग नंतर. ॲक्रिलिकमध्ये दोन्ही चालतं.

जलरंग वाळल्यावर फिका होतो, म्हणून गडद भाग ओला असताना थोडा जास्तच गडद वाटला पाहिजे. ॲक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होतो. हे विसरल्यामुळे टप्पा ४ मधली नीट मापलेली टोनवाटणी बिघडते आणि परत सगळं मध्यम राखाडीकडे सरकतं. कागदाच्या तुकड्यावर पट्टा ओढून, वाळू देऊन बघायला दोन मिनिटं लागतात.

रंगांपुरत्या दोनच गोष्टी. एक, जवळचं गवत, मधली झाडं आणि लांबची टेकडी एकाच ट्यूबमधल्या हिरव्याने रंगवू नका. लांब जाताना हिरवा निळसर आणि मंद होतो, गडद छटा फिक्या होतात आणि उजळ-गडदातला फरक कमी होतो. दोन, छपराचा तांबूस रंग चित्रात एकाच जागी असेल तर तो चिकटवल्यासारखा दिसतो. काठावरच्या मातीत, एखाद्या बुंध्याच्या सावलीत त्याचा दबलेला अंश टाका.

प्रतिबिंबाबाबतही मांडणी सांभाळावी लागते. गडद झाडाचं प्रतिबिंब झाडापेक्षा थोडं उजळ आणि उजळ भिंतीचं भिंतीपेक्षा थोडं गडद दिसतं. प्रतिबिंब वस्तूच्या सरळ खाली पडतं, सावली उजेडाच्या विरुद्ध दिशेला. दोन्ही एकाच तिरप्या दिशेने ओढली की तळं काचेच्या ताटासारखं कलंडतं.

सावधान: झाड पूर्ण करून मग आकाशाकडे वळू नका. शेजारचा टोन पडल्याशिवाय कुठलाच टोन बरोबर की चूक हे कळत नाही. कोऱ्या पांढऱ्या कागदावर सगळंच गडद भासतं.

## टप्पा ८: कडा धारदार कुठे, विरघळलेल्या कुठे

बारकाव्यांची वेळ आली की लोक समोरच्या गवतावर तुटून पडतात. एकेक पातं काढतात. अग्रभाग जवळ असतो, म्हणून तो सविस्तर हवा असं वाटतं. पण आपण पलीकडच्या पाण्याकडे बघत असतो तेव्हा पायाशी असलेलं गवत नीट दिसत नसतं. म्हणून समोरचा काठ मोठ्या ब्रशच्या चार-पाच फटक्यांत संपवा, फारतर चौकटीच्या एका बाजूला थोडी पाती सुचवा.

धारदार कडा बुंधे आणि चकचकीत पाणी भिडतात तिथे. टेकडीची वरची रेघ दोन-तीन जागी आकाशात विरघळू द्या. झाडाचा पर्णसंभारही सावलीच्या बाजूला मागच्या टेकडीत मिसळू द्या. माझी सवय अशी की बारकावे सुरू करण्याआधी थंबनेलवर तीन छोट्या फुल्या मारतो. धारदार ब्रश तिथेच चालेल. चौथी फुली मारायचा मोह झाला की आधीच्या तिघांतली एक खोडतो.

## टप्पा ९: थांबा, आणि दुसऱ्या दिवशी बघा

ताज्या चित्रात आपल्याला आपली मेहनत दिसते, चुका दिसत नाहीत. रात्रभर ते भिंतीकडे तोंड करून ठेवा. दुसऱ्या दिवशी आधी आरशात पाहा. उलटसुलट झालेल्या चित्रात कललेलं घर आणि एकीकडे ओढलेलं वजन लगेच उघडं पडतं. मग फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करा आणि टप्पा ४ च्या आराखड्याशेजारी ठेवा. जिथे दोन्ही जुळत नाहीत, काम तिथेच आहे.

मग बोटाने एकेक वस्तू झाका. खांब झाकल्यावर चित्र सुधारलं? तो जायला हवा होता. काहीच फरक पडला नाही? तरीही जायला हवा होता.

दुरुस्त्या शक्यतो मोठ्या आणि थोड्या करा. समोरचा काठ जास्त बोलत असेल तर त्यावर एक पातळ गडद थर द्या. जलरंगात नको असलेली धारदार कड ओल्या, स्वच्छ ब्रशने घासून टिपकागदाने उचला. कागद चांगला जाड असेल तर तो हे सहन करतो. तैलरंगात किंवा ॲक्रिलिकमध्ये चिकटलेली कड सरळ झाकून परत काढता येते.

एवढं करूनही चित्र बसत नसेल तर 'एल' आकाराच्या दोन्ही पट्ट्या काढा. त्यांची चौकट करून ती चित्रावर सरकवत राहा. डावीकडून तीन सेंटिमीटर कापलं तर? वरचं निम्मं आकाश गेलं तर? बऱ्याचदा चांगलं चित्र आतच कुठेतरी, जरा छोटं होऊन बसलेलं असतं. सापडलं तर पेन्सिलीने खूण करा, कापा, आणि मागच्या बाजूला तारखेबरोबर टप्पा १ मधलं वाक्य लिहून ठेवा.